पाचवा पंच

पाचामुखी परमेश्वर असतो, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांनी फुटबॉल पाहिलेला नसणार. पण हिशेब त्यांचा चोख होता. मोजून बघा. मैदानात शिट्टी घेऊन पळणारा एक, दोन्ही कडांना झेंडे घेऊन पळणारे दोन, बाहेर उभा राहून बदली खेळाडूंची पाटी धरणारा चौथा, आणि मैदानापासून लांब बंद खोलीत टीव्हींच्या पडद्यांसमोर बसलेला पाचवा. (पाचव्याचे मदतनीस असतात, पण साहेबांच्या मदतनिसांना आपण हिशेबात धरत नाही.) झाले पाच! परमेश्वराचा कोरम पूर्ण. तरीही जगातल्या कुठल्याही फुटबॉलवेड्याला या पाचांबद्दल विचारा, तो परमेश्वर सोडून बाकी सगळ्यांची नावं घेईल. बहुतेक वेळा त्यांच्या मातोश्रींचीही.

यातला जो पाचवा, त्याच्याविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. त्याचं पाळण्यातलं नाव व्हिडिओ असिस्टंट रेफरी, लाडाचं नाव व्हीएआर. इंग्रज लोक त्याचा उच्चार 'वार' असा करतात, आणि ज्याच्या संघावर तो होतो त्याला तो मराठीतल्या वारासारखाच लागतो.

आता तुम्ही विचाराल, तुम्ही कोण? तर मी बी.कॉम. आहे आणि एका बँकेच्या तलासरी शाखेत क्लार्क आहे. आयुष्यात मी पायाने जोरात मारलेली एकमेव वस्तू म्हणजे जुन्या स्कूटरची किक. फुटबॉलवर बोलायला ही पात्रता पुरेशी नाही हे मला मान्य आहे. पण हा विषय फुटबॉलपेक्षा तपासणीचा आहे, आणि तपासणी या विषयावर बोलण्याचा बँकेतल्या माणसाइतका अधिकार खुद्द चित्रगुप्तालाही नसेल. आमच्याकडे एकाने नोंद टाकायची, दुसऱ्याने ती पास करायची, तिसऱ्याने पास करणाऱ्याला तपासायचं, आणि वर्षाअखेरीस ऑडिटरने येऊन चहा पीत विचारायचं की हे तिघे काय करत होते. त्यामुळे 'निर्णय एकदा झाला, मग दुसऱ्याने खोलीत बसून पुन्हा पाहिला, तरी चुकला' असं कोणी सांगितलं की सगळं जग चकित होतं. आम्ही बँकवाले फक्त फॉर्म कोणता भरायचा तेवढं विचारतो.

शिवाय आमची शाखा फुटबॉलच्या दृष्टीने संपन्न आहे. तलासरी हे मुंबई–अहमदाबाद महामार्गावरचं गाव. ट्रकवाल्याने पुढे जरा जांभई दिली की गुजरात लागतो. अशा ठिकाणी बदलीवर माणसं कुठून कुठून येऊन पडतात. आमचे मॅनेजर गोव्याचे, फातोर्ड्याच्या मैदानाच्या आसपास वाढलेले. एखाद्याचा कर्जाचा अर्ज नाकारताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही, पण एफसी गोवा हरला की त्या दिवशी व्हाउचरवरची सहीसुद्धा थरथरलेली असते. रखवालदार आमचे कोल्हापूरचे, सैन्यातून निवृत्त. कोल्हापुरात फुटबॉल खेळतात हे पुण्या-मुंबईच्या लोकांना अजून पटत नाही, पण तिथे पेठांच्या तालमींनी कुस्तीइतकाच फुटबॉलही पोसला आहे. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक २०१७ साली भारतात झाला तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे आमचे रखवालदार पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकवतात. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या या गृहस्थांचा पंचांविषयीचा सिद्धांत सोपा आहे: पंच दोन प्रकारचे, एक आपल्या पेठेतले आणि दुसरे विकले गेलेले. तिसरा आमचा चिरंजीव. तो कॉलेजात जातो असा घरात समज आहे. तो लिव्हरपूलचा. लिव्हरपूल कुठे आहे हे त्याच्या आजीने विचारलं तेव्हा त्याने "आपल्या मनात" असं उत्तर दिलं होतं.

तर या तिघांच्या तोंडून गेली काही वर्षं पाचव्या पंचाचा उद्धार ऐकत आलो आहे. ऐकून ऐकून माझंही एक मत झालं आहे. मत झालं की ते लिहून टाकावं, नाहीतर ते बायकोला सांगावं लागतं.

आधी या पाचव्याचा जन्म का झाला ते पाहू. १९६६ सालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू वरच्या दांडीला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर इंग्रज आणि जर्मन अजून भांडतात. अझरबैजानचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांनी गोल दिला. पुढे बाकूच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं. एका हो म्हणण्यावर एवढं मोठं स्मारक लग्नातसुद्धा होत नाही! मग १९८६ साली मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने गोल केला. सगळ्या जगाने पाहिला; ट्युनिशियाचे रेफरी अली बेनासूर यांना तेवढा दिसला नाही. तो चेंडू मात्र त्यांनी जपून ठेवला, आणि २०२२ साली लिलावात तो सुमारे वीस लाख पौंडांना गेला. न दिसलेल्या वस्तूवर इतका परतावा देणारी दुसरी योजना माझ्या माहितीत नाही. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला, आणि गोल मिळाला नाही. तेव्हा मात्र फुटबॉलवाल्यांना लाज वाटली. २०१४ च्या विश्वचषकात चेंडू गोलरेषेपार गेला की पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात खूण उमटू लागली, आणि २०१८ साली व्हीएआर नियमांच्या पुस्तकातच जाऊन बसला.

क्रिकेटवाले याबाबतीत फार आधी शहाणे झाले. १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बनला तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून जगातला पहिला फलंदाज धावबाद दिला, तो आपला सचिन तेंडुलकर. म्हणजे यंत्राच्या न्यायाचा पहिला बळी मराठी आहे. दिल्लीचं तख्त हुकलं असेल, पण हा मान आपलाच.

२०१८ च्या नियमाने पाचव्या पंचाला चारच प्रसंगी तोंड उघडायची मुभा दिली: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि एकाच्या चुकीला दुसऱ्याला शिक्षा होत असेल तर. त्यातही चूक 'स्पष्ट आणि उघड' असली पाहिजे. हे दोन शब्द ज्याने लिहिले तो पूर्वी नक्की एखाद्या बँकेच्या सर्क्युलर खात्यात असणार. चूक जर स्पष्ट आणि उघड आहे, तर ती शोधायला चार मिनिटं, सहा कोन आणि संथ गती का लागते? आणि संथ गतीत सगळंच गुन्हा दिसतं. आमच्या मॅनेजरांनी एकदा केबिनमध्ये पेन उचललेलं सीसीटीव्हीवर हळूहळू चालवून पाहिलं, तर ते साक्षात दरोडा घालत आहेत असं वाटत होतं.

पण प्रेक्षकांची खरी तक्रार वेळेची नाही. तक्रार आनंदाची आहे. पूर्वी गोल म्हणजे रोकड होती. चेंडू जाळ्यात, पैसे खिशात, उड्या मारा. आता गोल म्हणजे चेक झाला. भरला की खात्यात दिसतो, पण 'वटला तर'. आणि योगायोग बघा, खोलीतला पंच पाहणी संपवताना जे बोलतो तेही "चेक कम्प्लीट" असंच असतं! २१ एप्रिल २०२४ ला वेम्बलीवर खालच्या डिव्हिजनचा कॉव्हेंट्री संघ बलाढ्य मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीन गोलांनी मागे पडला, त्याने तिन्ही फेडले, आणि जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी चौथा मारला. त्यांचे लोक रडायला लागले, एकमेकांच्या अंगावर पडले. आणि मग खोलीतून निरोप आला, चेक परत. एक खेळाडू बोटभर पुढे होता. बोटभर म्हणजे पायाच्या बोटाएवढा. पेनल्टींवर कॉव्हेंट्री हरला. आमच्या मॅनेजरांचं कॉव्हेंट्रीशी काडीचं नातं नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन चेक परत न करता बाजूला ठेवले आणि खातेदारांना फोन करून "पैसे भरा, बाबांनो" म्हणून सांगितलं. फुटबॉलने माणूस सुधारतो तो असा.

हे बोटाचं प्रकरण जरा समजून घेऊ. ऑफसाइडचा नियम माणसाच्या डोळ्यासाठी बनला. पुढे जाऊन फुकट टपून बसू नये, एवढाच त्याचा अर्थ. लाइन्समनला डोळ्याने दिसेल इतका पुढे असलास तर झेंडा. आता त्याच नियमाला सूक्ष्मदर्शक लावला आहे. हाताने गोल करता येत नाही म्हणून ऑफसाइड मोजताना हात धरत नाहीत. मग हात कुठे संपतो आणि खांदा कुठे सुरू होतो? नियमकर्त्यांनी २०२० साली ठरवलं की काखेच्या तळाशी. तेव्हापासून जगातले उत्तमोत्तम तज्ज्ञ पडद्यावर धावत्या माणसाची काख शोधत असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण किती दूरदृष्टीने करून ठेवली होती! २०२२ च्या कतारच्या विश्वचषकात तर बारा खास कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या पोटातलं यंत्र सेकंदाला ५०० वेळा आपला ठावठिकाणा कळवत होतं. आमच्या डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरापासून भूकंपाचे लहान-लहान धक्के सुरू झाले. इथे हे यंत्र लावलं तर खेळाडू जागच्या जागी उभा असतानाही ऑफसाइड ठरेल, कारण जमीनच पुढे सरकलेली असेल.

यावर कॉमर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात तो उपाय आहे. त्याचं नाव राउंडिंग. व्याजाचे पैसे येतात बारा रुपये सदतीस पैसे. आम्ही बारा धरतो आणि खातेदारही सुखाने घरी जातो. त्या सदतीस पैशांसाठी कोणी शाखा बंद पाडत नाही. क्रिकेटमध्ये 'अंपायर्स कॉल' म्हणून जे आहे ते दुसरं काय आहे? चेंडू यष्टीला केसभर लागतो की नाही अशी शंका असेल, तर मैदानातल्या माणसाचं म्हणणं कायम. लोक त्यालाही शिव्या देतात, पण त्यात एक शहाणपण आहे: यंत्राला जिथे स्वतःबद्दल खात्री नाही तिथे त्याने गप्प बसावं. इंग्लंडच्या लीगनेही २०२१ साली ऑफसाइडच्या रेषा जरा जाड करून थोडं राउंडिंग केलं. म्हणजे काखेची अक्कल आलीच, फक्त दोन वर्षं उशिरा.

आता मोजमाप सोडा; माणसाकडे येऊ. ३० सप्टेंबर २०२३, शनिवार. ही तारीख बँकवाला विसरत नाही. सहामाही क्लोजिंग, आणि त्यात दोन हजारांच्या नोटा परत करायचा शेवटचा दिवस. महिनाभर आम्ही लोकांना सांगत होतो की ही तारीख शेवटची, यानंतर ब्रह्मदेव आला तरी नोट घेणार नाही. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, ७ ऑक्टोबरपर्यंत घेऊ. कॅशियर बाई म्हणाल्या, "आता यापुढे मी कुणाला शेवटचं असं काही सांगणार नाही."

रात्री घरी आलो तर चिरंजीव टीव्हीसमोर. टॉटेनहॅमविरुद्ध लिव्हरपूल. लुइस दियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीतल्या पंचाने रेषा मारून पाहिली: ऑफसाइड नाही, गोल चांगला आहे. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने कळवलं, "चेक कम्प्लीट". मैदानातल्याने समजून घेतलं, म्हणजे माझा ऑफसाइड बरोबर. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीतल्यांच्या लक्षात आलं की घोटाळा झाला. पुढे ध्वनिफीत बाहेर आली त्यात हे सगळं ऐकू येतं. पण नियम असा की खेळ पुन्हा सुरू झाला की मागचं उघडता येत नाही. लिव्हरपूल एकाविरुद्ध दोन गोलांनी हरला. नंतर रेफरींच्या संस्थेने ही माणसाची मोठी चूक झाली असं सांगितलं.

ही कथा मी शाखेत सांगितली तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. "ओके म्हणाला, पण कशाला ओके ते नाही विचारलं," कॅशियर बाई म्हणाल्या आणि नोटा मोजू लागल्या. बस्स! पाचव्या पंचावरची आत्तापर्यंतची सगळ्यात नेमकी टीका हीच. यंत्राने रेष अचूक मारली होती. घोळ झाला तो दोन माणसांच्या बोलण्यात. आणि चूक दुरुस्त करायची तर रिझर्व्ह बँकेसारखी प्रचंड संस्था एका दिवसात शेवटची तारीख पुढे ढकलू शकते, पण बावीस पोरांचा खेळ अर्धं मिनिट मागे नेता येत नाही!

याच कारणाने लोक बिथरले आहेत. नॉर्वेत २०२४ च्या जुलैमध्ये व्हीएआरचा निषेध म्हणून प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू आणि मासळीचे वडे फेकले. रोझनबोर्ग आणि लिलेस्ट्रोम यांचा सामना सोडून द्यावा लागला. हे वाचून मी डहाणूच्या मासळी बाजारातल्या एका मावशींना विचारलं की आपल्याकडे असं होईल का. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी न विचारता अर्धा किलो बोंबील घेतले. इंग्लंडात त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनने ठराव मांडला की हे यंत्र नकोच. जूनमध्ये मतदान झालं: ठरावाच्या बाजूने एक, विरुद्ध एकोणीस. तो एक कोण ते सांगायला नको. शिव्या सगळे देतात, पण सही करायची वेळ आली की एकटा मांडणारा उरतो. ही हाउसिंग सोसायटीची रीत इंग्लंडातही आहे, हे वाचून बरं वाटलं.

आणि त्या एकोणिसांचं काही अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही. कारण पाचवा पंच नसला की काय होतं ते आपण सोसलं आहे.

११ जून २०२४. दोहा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध एका गोलाने पुढे. जिंकलो असतो तर तिसरी फेरी. ७३ व्या मिनिटाला आपल्या गुरप्रीतने चेंडू अडवला, चेंडू त्याच्याजवळून रेषेबाहेर गेला. आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूने तो बाहेरून आत ओढला आणि दुसऱ्याने गोल केला. पंचांनी दिला! त्या फेरीत व्हीएआर नव्हता. पुढे आणखी एक गोल झाला आणि आपण बाहेर पडलो. त्या रात्री आमचे रखवालदार, जे टीव्हीवाल्या पंचाला एरवी 'खोलीतला उंदीर' म्हणतात, ते मला फोनवर म्हणाले, "साहेब, आज उंदीर पाहिजे होता हो." सैन्यात चांगली वर्षं काढलेला माणूस, आवाज बसलेला होता.

देशातही तेच. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक झाला, अंतिम सामना नवी मुंबईत, तेव्हा हे यंत्र आलं होतं. मुली खेळून गेल्या आणि यंत्रही गेलं. २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागान खेळले, तेव्हा आयएसएलमध्ये यंत्र नव्हतं. मॅनेजर अर्ध्या दिवसाची रजा टाकून डहाणू रोडहून लोकलने गेले. एफसी गोवाच्या माणसाला त्या दोन संघांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "दोघांपैकी कोण हरतंय ते बघायला." मुंबई दोन विरुद्ध एक जिंकली. पण रेड कार्डं निघाली सात. चार मुंबईची, तीन बागानची, त्यातली काही तर सामना संपल्यावर. सात माणसं म्हणजे शिपाई आणि रखवालदार धरून आमची अख्खी शाखा!

आणि त्याच वर्षी ३ मार्चला बेंगळुरूत केरला ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. पंचाने तो मान्य केला. ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकाने संघच मैदानाबाहेर नेला. पुढे क्लबला चार कोटींचा दंड झाला. व्हीएआर हवा, व्हीएआर हवा, असा देशभर गजर झाला. पण इथे यंत्राने काय दाखवलं असतं? पटकन मारायची परवानगी पंचाने दिली होती का, हा प्रश्न त्याच्या मर्जीचा होता. दहा कोनांतून दाखवलं तरी मर्जी पडद्यावर दिसत नाही.

हीच माझ्या मते सगळ्या गोंधळाची किल्ली आहे. मैदानावर दोन जातींचे प्रश्न असतात: रेषेचे आणि मर्जीचे. दोह्याचा चेंडू रेषेचा प्रश्न होता, तिथे यंत्र नसणं हा अन्याय. धक्का मुद्दाम दिला का, चेंडू हाताला लागला की हात चेंडूला, हे मर्जीचे प्रश्न. तिथे खोलीत दुसरा माणूस बसवला की एका मर्जीवर दुसरी मर्जी बसते, एवढंच. मग एका शनिवारी जो हँडबॉल तो पुढच्या शनिवारी 'नैसर्गिक स्थितीतला हात' होतो. कर्जाच्या फायलीचंही असंच असतं. कागद तेच, नियम तेच. एक साहेब पास करतात, बदलून आलेले दुसरे परत करतात. लोकांना याचा राग फार येत नाही. राग येतो तो 'सिस्टिम घेत नाही' असं सांगितल्याचा. मर्जी तुझी आणि नाव यंत्राचं!

यंत्राच्या नावाने काय होतं ते आमच्या काउंटरवर रोज बघायला मिळतं. पाड्यावरून एक वारली आजी दर महिन्याला पैसे काढायला येतात. जन्मभर भात लावलेला, लाकडं वाहिलेली. बोटावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. अंगठा लावायचं यंत्र म्हणतं, जुळत नाही. बोट पुसतात, पुन्हा लावतात. जुळत नाही. आमचा शिपाई त्यांच्याच पाड्यावरचा, रखवालदार दर महिन्याला त्यांना पंख्याखाली बसवणारे, मी पैसे मोजून देणारा. आम्ही तिघंही ओळखतो. यंत्र ओळखत नाही. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "आंगठा तर माझाच हाय ना, दादा?"

त्या दिवशी मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, बाकावर त्यांच्या शेजारी बसले. "आजी, तुमचं काही चुकलं नाही. काम करून बोटाच्या रेषा पुसट होतात, म्हणून हे मशीन वाचू शकत नाही. आपण कागदावर अंगठा घेऊ, हे दोघं साक्षीदार." कागद झाला, सह्या झाल्या, तासभर गेला. आजी पैसे कनवटीला लावून गेल्या. जाताना यंत्राकडे एकदा बघून घेतलं. ते बघणं कॉव्हेंट्रीच्या लोकांच्या बघण्यापेक्षा वेगळं नसावं. पण यांना कोणीतरी शेजारी बसून कारण सांगितलं होतं. वेम्बलीवर तिकीट काढून बसलेल्यांना पाटीवर दोन शब्द मिळाले असतील.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. रेषेचे प्रश्न यंत्राला द्या, पण राउंडिंगसकट. मर्जीचे प्रश्न मैदानातल्या माणसाकडे ठेवा. तो चुकला तर निदान शिव्या द्यायला समोर असतो. आणि निर्णय बदलला तर का बदलला ते मोठ्याने सांगा. २०२३ च्या महिलांच्या विश्वचषकात पंचांनी माइक घेऊन सगळ्या स्टेडियमला सांगितलं, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. क्रिकेटमध्ये तर तिसऱ्या पंचाचं बोलणं घरोघरी ऐकू येतं. आणि चूक ध्यानात आली तर पुढच्या अर्ध्या मिनिटात खेळ थांबवून सुधारायची मुभा ठेवा. आमच्याकडेसुद्धा नोंद उलटी फिरवता येते, फक्त त्यावर दोघांच्या सह्या लागतात.

हे सगळं मी आमच्या त्रिमूर्तीपुढे मांडलं. मॅनेजर म्हणाले, "लेखी द्या, वर पाठवू." रखवालदार म्हणाले, "कोल्हापुरात चालणार नाही, तिथे माइक दिला तर पब्लिक तो पंचाकडून काढून घेईल." चिरंजीव म्हणाला, "बाबा, दियाझचा गोल मिळेल का?" नाही म्हटल्यावर तो उठून गेला.

परवा संध्याकाळी जीपची वाट पाहत उभा होतो. रस्त्याकडेच्या कापलेल्या भातखाचरात पोरं फुटबॉल खेळत होती. दोन चपला म्हणजे गोलपोस्ट, वरची दांडी म्हणजे गोलकीपरचा हात पोचेल तिथे. चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून गेला. एक बाजू "गोल!", दुसरी "वरून गेला!" पाच मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. मग त्यातल्या सगळ्यात बुटक्याला गोलमध्ये उभं करून हात वर करायला लावला, हाताची उंची मोजली, त्याने टाचा वर केल्या म्हणून आणखी एक भांडण झालं, आणि शेवटी ठरलं की अर्धा गोल धरायचा. माझी जीप आली तेव्हा साडेतीन विरुद्ध तीन असा सामना अगदी रंगात आला होता.